उद्या गेलं नाही तर कुणाचं अडेल?

जूनमध्ये शाळा उघडते आणि जुलै संपेपर्यंत आठवी-नववीच्या वर्गांत सूचनांचा नुसता पाऊस पडतो. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे अर्ज, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, ‘इन्स्पायर मानक’साठी कल्पना पाठवायची मुदत, बालविज्ञान परिषदेचा प्रकल्प, वक्तृत्व, प्रश्नमंजूषा. त्यांच्या जोडीला वृक्षदिंडी, रद्दी गोळा करणं, कुठे पूर आला की मदतफेरी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला दान उत्सव, डिसेंबरातला ध्वजदिन निधी. यातली एकही गोष्ट वाईट नाही, आणि अडचण तिथेच आहे. चांगल्या गोष्टीला नाही म्हणायला आईवडिलांची आणि शिक्षकांची जीभ रेटत नाही. मग मूल सगळीकडे जातं, वर्षाअखेर फाईलभर प्रमाणपत्रं जमतात, आणि त्यातल्या एखाद्या कागदावर बोट ठेवून ‘यात तू नेमकं काय केलंस?’ असं विचारलं की ते घुटमळतं. निवड करावीच लागते. ती आवडीनिवडीवर, मैत्रिणी कुठे जाताहेत यावर किंवा कुठल्या प्रमाणपत्राचे गुण मिळतात यावर सोडण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारून करावी, एवढंच इथे सुचवायचं आहे. प्रश्न असा: या कामाला मूल उद्या गेलं नाही, किंवा गेलं आणि त्याने ते वाईट केलं, तर त्याच्याशिवाय आणखी कुणाचं काही अडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ते काम मुलाला शिकवेल आणि समोरच्याच्या उपयोगीही पडेल. ‘नाही’ असेल तर तो बहुधा देखावा आहे. कधी निरुपद्रवी, कधी नाही.

कसोटीला उतरणारं काम कसं असतं हे जवळून पाहायचं तर लेखनिकाचं काम पाहावं. दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक घेता येतो, आणि परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्यामुळे दहावीच्या परीक्षार्थीला शोधावा लागतो तो आठवी-नववीतलाच कुणीतरी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. या चार तासांत लेखनिकाने आधी प्रश्नपत्रिकेचा आवाका सांगायचा: किती प्रश्न, किती उपप्रश्न, कुठे पर्याय आहेत, कशाला किती गुण. मग प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, मागितला की न कंटाळता पुन्हा वाचायचा. सांगितलं जाईल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी दुरुस्त करायचं नाही, स्वतःला जास्त येतं म्हणून पदरचं एक वाक्य घालायचं नाही. नवा परिच्छेद कुठे, अधोरेखन कशाखाली, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग काय, हे विचारून लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. आवाज शेजारी ऐकू जाईल पण खोलीतल्या इतरांना त्रास होणार नाही इतकाच ठेवायचा. त्यासाठी आधी दोन-तीन सराव पेपर दोघांनी मिळून सोडवावे लागतात, नाहीतर पहिला अर्धा तास एकमेकांची लय सापडण्यातच जातो. हे काम करताना मूल नीट ऐकायला शिकतं, स्पष्ट वाचायला शिकतं, आणि येत असूनही गप्प राहायला शिकतं. शेवटचं शिकवणारी एकही स्पर्धा आपल्याकडे नाही. लेखनिक पेपरला आलाच नाही तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

याच्या शेजारी वृक्षारोपण ठेवून पाहा. महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून चार वर्षं वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालवली. उद्दिष्टं अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची होती. हजारो शाळांची मुलं त्यात उतरली. त्यानंतर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: लावलेल्यांपैकी जगली किती? रोप लावायला दहा मिनिटं लागतात. खड्डा बहुतेक वेळा आधीच कुणीतरी खणलेला असतो, रोप आणलेलं असतं, मुलाने हात लावून फोटो काढून घ्यायचा असतो. त्या दिवशी ते मूल आलं नसतं तरी रोप लागलंच असतं. पण तेच रोप मार्च-एप्रिलमध्ये पाण्यावाचून उभं असतं तेव्हा, आणि वार्षिक परीक्षेनंतर शाळा बंद असते तेव्हा, कुणी आलं नाही तर ते मरतं. म्हणजे काम एकच. मुलाला जुलैत उभं केलं तर देखावा, एप्रिलमध्ये उभं केलं तर जबाबदारी. म्हणून ही कसोटी उपक्रम रद्द करण्यासाठी नाही, त्यातली मुलाची जागा बदलण्यासाठी आहे. ‘आम्ही शंभर झाडं लावणार’ म्हणणाऱ्या वर्गाला शिक्षकांनी दहाच लावू द्यावीत, प्रत्येक झाडापाठी दोन नावं लिहावीत आणि सुट्टीतल्या पाण्याचं वेळापत्रक जुलैतच मागावं. वेळापत्रक जमत नसेल तर झाडंही दहाची पाच करावीत.

बौद्धिक स्पर्धांना हा प्रश्न कसा लागू होतो, अशी शंका येईल. ऑलिम्पियाडचा पेपर दिला नाही तर कुणाचं काय अडणार? कुणाचंच नाही, आणि निव्वळ लेखी परीक्षांबाबत तसा हट्ट धरण्यात अर्थही नाही. ज्याला गणिताची गोडी आहे त्याला अवघड गणितं मिळालीच पाहिजेत. ती वाचनासारखी स्वतःसाठी करायची गोष्ट आहे. पण बहुतेक चांगल्या स्पर्धांत आता प्रकल्पाचा भाग असतो, आणि प्रश्न तिथे लागतो. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतून पुढे गेलेल्यांना कृतिसंशोधन करावं लागतं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि तिचा पाया मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन सर्वेक्षण, मोजमाप, निष्कर्ष या वाटेने काम करणं हाच आहे. रचना उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र गेल्या वर्षी जिंकलेल्या प्रकल्पाची थोडी बदललेली आवृत्ती, दुकानातून छापून आणलेला फलक आणि पालकांनी लिहिलेला अहवाल, असंही घडतं. हे टाळायचं तर प्रकल्प निवडतानाच विचारावं: निष्कर्ष निघाल्यावर तो कागद कुणाच्या हातात द्यायचा? नाव सांगता आलं पाहिजे. परीक्षक सोडून.

एक उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात ब्लिचिंग पावडर टाकतात आणि जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करून पाण्यात क्लोरिन उरलंय का ते पाहतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं लागतं. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर झाली की रजिस्टरात नोंद होते. पण नळवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीत पोहोचेपर्यंत ते क्लोरिन टिकतं का? नववीच्या चार मुलांनी टाकीजवळचा, मधला आणि टोकाचा असे बारा नळ ठरवले, जलसुरक्षकाबरोबर दर शनिवारी सकाळी पाणी सुटल्यावर तिथले नमुने घेतले आणि सहा आठवडे तक्ता भरला, तर गावाला आजवर नसलेली माहिती तयार होते. (ओटीचं द्रावण मात्र मुलांच्या हातात देऊ नये, ते हाताळणं मोठ्यांचं काम.) हा तक्ता ग्रामपंचायतीला, पाणीपुरवठा समितीला आणि टोकाच्या घरांना हवा आहे. एका शनिवारी कंटाळा आला म्हणून आकडे मनाने भरले तर कुणाच्या तरी घरात जुलाब होऊ शकतात, हे मुलांना कळतं, आणि प्रामाणिक नोंद म्हणजे काय याचा धडा त्यांना वेगळा द्यावा लागत नाही. हाच प्रकल्प स्पर्धेला पाठवावा. नंबर आला नाही तरी काम वाया गेलेलं नसतं, हे मुलांनाही पटतं, कारण ते खरंच असतं.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आकाराला आला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा विभागांत. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही कामं सरावाची वस्तू बनवून मोडून टाकण्यासाठी नसतात. मुलं शेतकऱ्याच्या जमिनीतली माती तपासतात, वेल्डिंग करून कुणाला लागणारी वस्तू बनवतात, रक्तगट आणि हिमोग्लोबिन पाहतात. गिऱ्हाईक खरं असतं, त्यामुळे मापही खरं घ्यावं लागतं. बाकाची एक तंगडी अर्धा सेंटिमीटर आखूड झाली तर शिक्षकांनी सांगायच्या आत बसणाराच सांगतो. त्याही मागे जायचं तर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा आग्रह हाच होता की उपयोगाचं काम हेच शिकण्याचं माध्यम असावं. पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ आणला, मग ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आलं, आणि बहुतेक शाळांत त्याचं पर्यवसान खडू बनवणं, अगरबत्ती आणि आकाशकंदील यांत झालं. का? वेळ आणि साधनं कमी होती हे खरंच. पण तो आकाशकंदील कुणालाच नको होता, हेही तितकंच खरं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत व्यवहारी: बक्षीस, प्रमाणपत्र, वाढीव गुण नसतील तर मुलं येणारच नाहीत. याबाबतीत एक जुना प्रयोग माहीत असावा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये, स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती अशांवर तो केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत असलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळं सोडून पाहिलं तेव्हा, ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं चित्र काढण्यात इतरांच्या जवळपास निम्मा वेळ घालवत होती. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता. प्रयोग बालवाडीतला आहे, तो नववीच्या मुलांना तसाच्या तसा लावता येणार नाही. आणि ज्या कामात मुळात रस नाही तिथे बक्षिसाने सुरुवात तरी होते, हेही मान्य. पण इशारा स्पष्ट आहे: आवडीच्या कामापुढे प्रमाणपत्राची अट टांगली की मूल ते काम प्रमाणपत्रासाठीच करतं, आणि प्रमाणपत्र हातात पडलं की काम थांबतं. दहावीला कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळतात. ते मिळाल्यावर किती घरांत रंगांची पेटी पुन्हा उघडली जाते, हे ज्याने त्याने आजूबाजूला पाहून घ्यावं. गुण घेऊ नयेत असं मुळीच नाही. नियमाने मिळतात ते जरूर घ्यावेत. फक्त त्यांची चर्चा उपक्रम निवडताना नको, अर्ज भरताना करावी. शाळेनेही सुरुवातीच्या सभेत ‘यात सर्टिफिकेट आहे’ हे पहिलं वाक्य म्हणून उच्चारू नये.

याच्या उलट टोकाचा आक्षेप असा की मग सेवा सक्तीचीच करा, सगळ्यांना समान. अमेरिकेत स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना सक्ती आपल्यावर लादल्यासारखी वाटली, त्यांची पुढे स्वेच्छेने सेवा करण्याची इच्छा कमी झाली. निवडीला वाव दिल्यावर तसं झालं नाही. माध्यमिक शाळेसाठी यातून व्यवहार्य वाट निघते. काहीतरी करायचं हे शाळेने ठरवावं, काय करायचं हे मुलांनी. एका वर्गापुढे तीन-चार खरी कामं ठेवावीत: लेखनिक, पाण्याचा तक्ता, ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांची बांधणी, गणेशोत्सवात निर्माल्य वेगळं करणं. शेवटचं काम वाटतं तितकं सोपं नाही. विसर्जनाच्या घाटावर पिशवी उघडली की दुर्वा-फुलांबरोबर प्लॅस्टिकचा दोरा, टाचण्या, थर्माकोलचे मणी, चमकी, कापूस, कधी फोटोची काच निघते. टाचण्या वेचल्याशिवाय खत करता येत नाही, आणि हातमोज्यांशिवाय वेचता येत नाहीत. ज्याला हे आवडणार नाही त्याने पुस्तकं बांधावीत.

‘दहावी आहे’ हा आक्षेप घरोघरी तयार असतो. त्यात तथ्य आहे. दिवसाला चोवीसच तास. पण वेळ खातात ती छोटी छोटी, एकदाच करायची, तयारीवर तयारी मागणारी कामं. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजना (भारतात ती ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने चालते) या बाबतीत शहाणपणाची आहे. चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या या योजनेत कुणाशी स्पर्धा नसते, नंबर नसतो. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि एक साहसी प्रवास, असे भाग. कांस्य पातळीवर सेवेला आठवड्याला साधारण एक तास द्यायचा, पण तो किमान तीन महिने सलग द्यायचा. नाव नोंदवायचं की नाही हे शाळेच्या सोयीवर आणि खिशावर ठरेल. तिचं वेळेचं गणित मात्र कुठल्याही शाळेला फुकट उचलता येतं. आठवड्याला एक तास दहावीच्या मुलालाही असतो. आठवी-नववीत वर्षाला एक स्पर्धा आणि एक सेवेचं काम, दहावीत दिवाळीपर्यंत दोहोंपैकी एकच, हे प्रमाण बहुतेक घरांना झेपेल. बाकीच्या सूचनांना ‘यंदा नाही’ असं सरळ सांगावं.

दानाच्या कामांत ही कसोटी सर्वांत कडक लावायला हवी, कारण इथे चुकीची किंमत दुसरा मोजतो. पूर किंवा भूकंपानंतर जुन्या कपड्यांचे ट्रक भरून जातात आणि त्यातले कितीतरी कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात. फाटके, मापाचे नसलेले, तिथली माणसं वापरत नाहीत अशा पद्धतीचे. ‘गूंज’ ही अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली संस्था याच प्रश्नावर काम करते: आलेला कपडा निवडायचा, दुरुस्त करायचा, गरजेनुसार लावायचा, आणि गावाने स्वतः ठरवलेलं विहिरीचं किंवा रस्त्याचं काम केल्याबद्दल तो मोबदला म्हणून द्यायचा, भीक म्हणून नाही. शाळेने कपडे गोळा करायचेच असतील तर मुलांचं खरं काम निवडण्या-धुण्यात, बटणं लावण्यात आणि मापाच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात आहे. गठ्ठा आणून टाकणं हे काम नव्हे. आणि त्याही आधी समोरच्या संस्थेला फोन करून दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला काय हवंय, आणि काय आणू नये? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संकोचाने येतं, म्हणून तो मुद्दाम विचारावा. १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे इव्हान इलिच यांनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण करून त्यांना तोंडावर सांगितलं होतं की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ते टोकाचं होतं. तरी वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन जाणाऱ्या आपल्या पद्धतीकडे पाहताना ते आठवावं. एका रविवारी तीन वाढदिवस, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाला ‘थँक्यू’ म्हणायला रांगेत उभी केलेली मुलं. तिथे आपलं मूल गेलं नाही तर कुणाचं काय अडतं? फोटोबाबत कायदाही आड येतो. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला, त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा इन्स्टाग्रामवर तसला फोटो टाकूच नये. जायचंच असेल तर संस्थेच्या संमतीने, दर शनिवारी तासभर, सहावीच्या मुलांचं गणित घ्यायला जावं, आणि शनिवार चुकवू नये.

पैशाचं काम शक्यतो टाळावं, आणि करायचं तर नियमाने करावं. लोकांकडून धर्मादाय कामासाठी निधी गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाचा संबंध येतो. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी याच कलमाखाली परवानगी काढतात. मुलांच्या हातात पावतीपुस्तक देऊन अनोळखी दारं वाजवायला पाठवू नये. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासारख्या निधीत रक्कम कुठे जाते हे ठरलेलं असतं, शाळेमार्फत हिशेब होतो, ते चालेल. त्याहून बरं म्हणजे मुलांनी आपल्या वाट्याचेच पैसे द्यावेत. फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमेत वाचवलेल्या पैशाची पुस्तकं किंवा खेळणी घ्यावीत असं सुचवलं जातं, त्यात मूल स्वतःचं काहीतरी सोडत असतं. जमा झालेला आणि खर्च झालेला रुपयान् रुपया सूचनाफलकावर लावावा आणि तो हिशेब मुलांनीच लिहावा.

एवढी जबाबदारी पोरांवर टाकायची, काही बरंवाईट झालं तर, असं मुख्याध्यापक म्हणतील. म्हणूनच काम खरं हवं आणि बेताचं हवं. पूर ओसरलेल्या घरातला चिखल उपसणं, रस्त्यावर वाहतूक अडवणं ही कामं मुलांची नाहीत; अठराच्या आत रक्तदानही करता येत नाही, पण शिबिरात नोंदणीचं टेबल सांभाळता येतं. प्रत्येक जागी दोघांची जोडी, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाही. पालकांची लेखी संमती. सोबत ओळखीचे दोन मोठे. लेखनिकालाही पर्यायी लेखनिक आधीच ठरवून ठेवतात.

एक आक्षेप मात्र असा आहे की तो या कसोटीलाच सुधारतो. ज्या मुलीला शाळा सुटल्यावर धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, पाणी भरायचं असतं, कापसाच्या हंगामात आईबरोबर वेचणीला जावं लागतं, तिने आणखी कुठली सेवा करायची? तिने काहीच करायची गरज नाही. ती नसेल तर घरचं रोज अडतं. या लेखात मागितलं ते ती वर्षानुवर्षं करते आहे, फक्त त्याचं प्रमाणपत्र कुणी छापलेलं नाही. शाळेने अशा मुलांना उपक्रमांत मागे पडलेली समजू नये. त्यांच्या त्याच कामातून प्रकल्प निघू शकतो: वेचणीच्या एका दिवसात किती किलो कापूस, किती तास, किती पाणी प्यायला मिळालं, धाकट्याला बोलायला शिकवताना तो कुठले शब्द आधी उचलतो. बालविज्ञान परिषदेला स्थानिक प्रश्न हवा असतो. तो तिच्याकडे आहे, आणि माहितीही तिच्याकडेच आहे. शिक्षकांनी फक्त वही द्यावी आणि वेळ शाळेच्या तासांतच काढून द्यावा.

वहीबद्दल थोडं. सेवेतून शिकणं होतं की नाही यावर जेनेट आयलर आणि ड्वाइट जाइल्स यांनी केलेलं काम १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यांच्या मते नुसतं काम केल्याने फारसं शिकणं होत नाही, केलेल्या कामाचा नंतर नीट विचार केला आणि तो अभ्यासाशी जोडला तरच होतं. याचा अर्थ आणखी एक निबंध लिहून घेणं नव्हे. तसं केलं की मुलं ‘मला खूप आनंद झाला’ या ठरावीक वाक्यावर येऊन थांबतात. दर खेपेला चार ओळी पुरेत: आज काय केलं, कुणी काय सांगितलं, काय जमलं नाही, पुढच्या वेळी कुणाला काय विचारायचं. तिसरी ओळ कोरी राहू देऊ नये. महिन्यातून एकदा विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या तासाला या वह्या उघडाव्यात, म्हणजे क्लोरिनचा तक्ता रसायनशास्त्राला आणि पाण्याचं वेळापत्रक पर्जन्यमानाच्या आलेखाला जाऊन भिडतं.

आणि काम सोडायचं कसं हेही ठरलेलं असावं. नववीची मुलं दहावीत गेली की झाडं, नळांचा तक्ता, शनिवारचं गणित एकदम उघड्यावर पडतं. त्यासाठी जानेवारीतच आठवीतल्या दोघांना सोबत घ्यायला सुरुवात करावी. महिनाभर त्यांनी फक्त पाहावं, पुढचा महिना जुन्यांच्या देखत करावं, मार्चपासून एकट्याने. वही त्यांच्या हवाली करताना मागच्या पानावर बारा नळांचे पत्ते, जलसुरक्षकाकडे कुठल्या वेळी जायचं, कुठल्या गल्लीत कुत्रं आहे आणि कुठल्या घरच्या आजी नमुना घ्यायला आलेल्यांना हटकतात, हे लिहून द्यावं. नव्या मुलांना तेच आधी लागतं.